मदत हवी आहे : गराडू कमी तेलात कसे करावेत?

थंडी पडली की इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (सुरणासारखे कंद) दिसू लागतात. दोनदा तळलेले, वरून जिरावण मसाला आणि लिंबू. त्या चवीला तोड नाही! पण सासूबाईंना डॉक्टरांनी तळण बंद केलंय आणि गराडूंवर त्यांचा फार जीव. हाताला तेल लावून सोलते, म्हणजे खाज सुटत नाही. पुढचंच अडतंय. आधी उकडून मग तव्यावर चमचाभर तेलात परतले तर बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ होतील का? कुकरच्या किती शिट्ट्या? एअर फ्रायरमध्ये कोणी केलेत का? आणि सुरणासारखी चिंच-गूळ घालून भाजी कोणी करत असेल तर तीही सांगा. मालवी घरातली जुनी कृती मिळाली तर फारच छान. येत्या रविवारी करायचे आहेत.