मदत हवी आहे: 'स्क्वॉड' कोणत्या रकान्यात टाकू?

रकानेवाली: दक्षिण चीन समुद्रातल्या सुरक्षा करारांचा तक्ता करतेय. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया आणि फिलिपिन्स यांच्या 'स्क्वॉड'ची कराराची तारीख कुठेच मिळत नाही. फिलिपिन्सच्या जहाजावर हल्ला झाला, तर बाकीचे तिघे लढायला बांधील आहेत का?

दर्यासारंग: तारीख मिळणार नाही, कारण करारच नाही. सनद नाही, सचिवालय नाही. चौघांचे संरक्षणमंत्री जून 2023 मध्ये सिंगापूरला पहिल्यांदा एकत्र बसले आणि 7 एप्रिल 2024 ला चारही नौदलांनी फिलिपिन्सच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात (किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतचा, जिथल्या साधनसंपत्तीवर त्या देशाचा हक्क असतो तो पट्टा) संयुक्त सराव केला. नाव तर अमेरिकी अधिकाऱ्यांच्या बोलण्यातून रूढ झालेलं.

त्यामुळे तक्ता गटांचा नको, जोड्यांचा करा. प्रत्येक जोडीपुढे दोन रकाने पुरेत: लढण्याचा शब्द दिलाय का, आणि एकमेकांच्या भूमीवर सैन्य आणण्याची कायदेशीर सोय आहे का.

फिलिपिन्स-अमेरिका: दोन्ही. शब्द 1951 च्या परस्पर संरक्षण कराराचा, सोय 1998 च्या कराराची. शिवाय 2014 च्या करारातून ठरावीक तळ वापरायला मिळतात. ते 2023 मध्ये 5 चे 9 झाले. फिलिपिन्स-ऑस्ट्रेलिया: फक्त सोय, सही 2007, लागू 2012. फिलिपिन्स-जपान: तीही फक्त सोय, सही जुलै 2024, लागू सप्टेंबर 2025. बातम्यांत या शेवटच्याला सर्रास 'संरक्षण करार' म्हणतात, तिथेच घोळ होतो. त्यात आलेल्या सैनिकांवर खटला कोणी चालवायचा, शस्त्रं-वाहनं कशी आणायची असल्या बाबी आहेत. मदतीला धावून येण्याचं कलम नाही.

रकानेवाली: मग अमेरिका तरी आपोआप उतरेल ना?

तळटीप: 'आपोआप' खोडा. 1951 च्या कराराच्या कलम 4 मध्ये प्रत्येकाने आपल्या घटनात्मक प्रक्रियेनुसार पाऊल उचलायचं आहे. तटरक्षक दलाची जहाजं धरायची की नाहीत हा जुना वाद मे 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मिटवला: तीही आली, आणि दक्षिण चीन समुद्रात कुठेही.

खरी गोम 'सशस्त्र हल्ला' या दोन शब्दांत. या समुद्रावर दावा सांगणारा चीन फिलिपिन्सच्या जहाजांवर पाण्याच्या तोफा मारतो, धडका देतो, लेझर रोखतो. गोळी झाडत नाही. 17 जून 2024 ला सेकंड थॉमस शोल या वादग्रस्त उथळ खडकाळ भागावर फिलिपिन्सने चौकी म्हणून रुतवून ठेवलेल्या 'सिएरा माद्रे' या जुन्या जहाजाकडे रसद नेणाऱ्या रबरी बोटींना चिनी तटरक्षकांनी घेरलं, सुरे-कुऱ्हाडी चालवल्या. एका फिलिपिनो नौसैनिकाचा अंगठा तुटला. तरी मनिलाने, म्हणजे फिलिपिन्स सरकारने, त्याला सशस्त्र हल्ला म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर अमेरिकेला करारावर उत्तर द्यावं लागलं असतं, आणि ते 'नाही' आलं असतं तर करारच पोकळ ठरला असता. माझ्या मते मनिलाने ही परीक्षा जाणूनबुजून टाळली.

रकानेवाली: भारत कुठे बसवू? क्वाडमध्ये आहे म्हणून इथेही?

दर्यासारंग: अजिबात नाही. क्वाड (अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, भारत) वेगळा, त्यात फिलिपिन्स नाही. भारत-फिलिपिन्स जोडीत लढण्याच्या शब्दाचा रकाना रिकामा ठेवा. तिसरा रकाना 'विक्री व सराव' असा काढा: ब्रह्मोस क्षेपणास्त्रांचा करार जानेवारी 2022, पहिली खेप एप्रिल 2024, आणि ऑगस्ट 2025 मध्ये दक्षिण चीन समुद्रात पहिला संयुक्त नौदल सराव. त्या फेरीत मनिलाला गेलेली 'आयएनएस दिल्ली' आपल्या माझगाव डॉकची.

तळटीप: आणखी एक ओळ जोडा: ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मलेशिया, सिंगापूर यांची 1971 ची पंचराष्ट्रीय संरक्षण व्यवस्था. मलेशिया किंवा सिंगापूरवर हल्ला झाला, तर पाचांनी ताबडतोब सल्लामसलत करायची, एवढंच बंधन. शब्दाच्या रकान्यात तिथे 'फक्त सल्लामसलत' लिहा.