क्लिक येतात, पण हळदीची ऑर्डर येत नाही

समुद्रपूरची ताई
नमस्कार. आमच्या बचत गटात अकरा बायका. वायगाव हळद स्वतः शिजवतो, वाळवतो, गिरणीवर दळून विकतो. साईट केली आणि गूगलवर रोज 150 रुपयांची जाहिरात लावली. वीस दिवसांत 3000 रुपये गेले, क्लिक आले 412 आणि ऑर्डर चार. त्यातल्या दोन माझ्या नणंदेच्या ओळखीतल्या. जाहिरात लावून देणारा म्हणतो, "क्लिक वाढताहेत, धीर धरा." पैसा गटाचा आहे जी, शनिवारच्या सभेत हिशोब द्यायचा आहे. काय बघू?

हिंगणघाटकर
ताई, सध्या जाहिरात थांबवा. बटण दाबलं की थांबते, पुढे नवा खर्च होत नाही. मग शांतपणे बघा.

वरुडची रोपवाटिका
भाऊ म्हणतात ते बरोबर, आधी थांबवा. माझी संत्रा कलमांची रोपवाटिका आहे, दोन वर्षांमागे माझंही असंच झालं. कलमं विकायला जाहिरात लावली आणि येत होते 'संत्रा भाव नागपूर' शोधणारे. त्यांना कलम नको होतं, मंडीचा दर हवा होता.

गूगल ॲड्समध्ये 'सर्च टर्म्स' नावाचा रिपोर्ट आहे. जाहिरात कोणत्या शोधावर दिसावी म्हणून तुम्ही दिलेले शब्द, म्हणजे कीवर्ड, एक आणि लोकांनी प्रत्यक्ष टाईप केलेले शब्द वेगळे, ते तिथं दिसतात. कीवर्ड नुसता लिहिला की तो ब्रॉड मॅच होतो आणि 'हळद' दिल्यावर हळदीशी दूरचा संबंध असलेल्या शोधालाही जाहिरात लागते. अवतरण चिन्हांत टाकला की फ्रेज मॅच, म्हणजे शोधात त्या शब्दांचा अर्थ यावा लागतो. चौकोनी कंसात टाकला की एक्झॅक्ट, म्हणजे शोधाचा अर्थ नेमका तोच लागतो. तुमच्यासारख्या छोट्या बजेटला शेवटचे दोनच ठेवा.

ज्या शोधांवर जाहिरात दिसू नये ते शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये टाका: भाव, दर, बियाणे, लागवड. एक गोष्ट मला उशिरा कळली. निगेटिव्हला समानार्थी शब्द समजत नाहीत. 'भाव' अडवला तरी 'दर' आत येतो, आणि इंग्रजी अक्षरांत टाईप केलेला 'भाव' वेगळा धरला जातो. दोन्ही लिपींत लिहा.

लोकेशनही तपासा. मूळ सेटिंगमध्ये त्या भागात राहणारेच नाहीत, त्या भागाची चौकशी करणारे बाहेरचेही येतात. तुम्ही पार्सल पाठवू शकता तेवढंच ठेवा.

आणि ताई, ऑर्डर खरंच चारच आल्या का? आपल्याकडे लोक फॉर्म भरत नाहीत, सरळ व्हॉट्सॲप करतात नाहीतर फोन लावतात. अॅनालिटिक्समध्ये, म्हणजे साईटवर लोक काय करतात ते मोजणाऱ्या गूगलच्या साधनात, व्हॉट्सॲपची लिंक बाहेरचा क्लिक म्हणून मोजली जाते, फोनची लिंक मात्र आपोआप मोजली जात नाही, ती मोजणी साईट करणाऱ्याला वेगळी बसवायला सांगा. तोवर एक वही ठेवा. फोन आला की विचारा, "काय शोधून आलात?" मी अजूनही विचारतो.

समुद्रपूरची ताई
भाऊ, रात्री पोराला बसवून रिपोर्ट काढला. सगळ्यात वर 'हळद भाव आज', 96 क्लिक. मग 'हळद बियाणे', 'हळद लागवड'. 'वायगाव हळद पावडर'चे फक्त 14. माझ्या फोनमध्ये बघितलं तर सात जणांनी व्हॉट्सॲपवर किलोचा दर विचारला होता. कामाच्या गडबडीत उत्तर द्यायचंच राहिलं.

वरुडची रोपवाटिका
त्या सात जणांना आजच उत्तर द्या, जाहिरातीचं नंतर बघू. मग सर्च कन्सोल जोडा, ते फुकट आहे. जाहिरातीशिवाय कोणत्या शब्दांवर साईट दिसली आणि किती जणांनी उघडली, हे तिथं कळतं. पहिल्या पानाच्या शीर्षकात 'वायगाव हळद पावडर' आहे का? जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेली हळद आहे तुमची, वायगावचं नाव आत कुठं तरी दडवू नका.

समुद्रपूरची ताई
शीर्षकात 'होम' एवढंच आहे. आत्ता बदलते. सात जणांपैकी तिघांना उत्तर गेलं, एकीने दोन किलो सांगितली.