रक्तदान कायमचे थांबवावे लागेल असे सांगितले आहे; जाणकारांनी मार्गदर्शन करावे

मांजराकाठचा (लातूर जिल्हा)

३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी लातूरला महाविद्यालयात शिकत होतो. त्या आठवड्यात मित्रांबरोबर रांगेत उभे राहून पहिल्यांदा रक्त दिले आणि पुढे वर्षातून दोनदा, कधी तीनदा देत राहिलो; घरातली प्रमाणपत्रे मोजली तर यंदाच्या जानेवारीपर्यंत ६१ वेळा झाले. १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या शिबिरात, बासष्टाव्यांदा दिले. आठ दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, "एकदा समक्ष येऊन जा," एवढाच. गेलो, तेव्हा समुपदेशकांनी दार लोटून घेतले आणि सांगितले की हिपॅटायटिस बी ची चाचणी 'रिॲक्टिव्ह' आली आहे, पिशवी नष्ट केली आहे आणि यापुढे मला रक्त देता येणार नाही. त्यांनी डॉक्टरांकडे जाण्यासाठी दिलेली चिठ्ठी अजून खिशातच आहे.

मला आयुष्यात कधी कावीळ झालेली नाही. आजवर प्रत्येक वेळी रक्त तपासले गेले, मग हे आताच कसे निघाले? जानेवारीतले रक्त ज्यांना चढवले असेल त्यांचे काय? बाहेर चाचणी करून निगेटिव्ह आली, तर पुन्हा देता येईल का? शिवाय गावातले शिबिर दरवर्षी मीच भरवतो. पुढच्या खेपेस मी स्वतः खाटेवर का झोपलो नाही, असे लोक विचारतील, त्यांना काय सांगावे?

पिशवी क्रमांक (नांदेड)

मी अनेक वर्षे रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो. पहिली गोष्ट अशी की 'रिॲक्टिव्ह' म्हणजे रोगाचे निदान नव्हे. आमच्याकडे प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते आणि या चाचण्या मुद्दामच इतक्या संवेदनशील ठेवलेल्या असतात की एखादी निर्दोष पिशवी वाया गेली तरी चालेल, पण दोषी पिशवी सुटू नये. आपण शिबिराच्या दोन-तीन आठवडे आधी हिपॅटायटिस बी ची लस घेतली होती का, हेही आठवून पाहा. लसीतला घटक काही दिवस रक्तात राहतो आणि चाचणी तोच पकडते, असे घडलेले आहे.

लस घेतली नसेल, तर आपल्या जुन्या निगेटिव्ह चाचण्याच बरेच सांगून जातात. लहानपणापासून विषाणू अंगात असता, तर तो पूर्वीच सापडला असता. लागण झाली असेल तर ती बहुधा जानेवारीनंतरची आहे, आणि प्रौढ वयात लागण झालेल्या शंभरांपैकी नव्वदहून अधिक जणांचे शरीर सहा महिन्यांत हा विषाणू स्वतःच हटवते. अनेकांचे डोळेसुद्धा पिवळे होत नाहीत. लागण ताजी आहे की जुनी, हे 'कोअर आयजीएम' या चाचणीवरून कळते. डॉक्टरांकडे गेल्यावर तिच्याविषयी आणि यकृताच्या तपासण्यांविषयी अवश्य विचारा, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासून घ्या.

तरीही रक्तदान बंदच राहील. बरे झाल्यावर नेहमीची चाचणी निगेटिव्ह येते हे खरे, परंतु विषाणूचा अंश यकृतात दडून राहू शकतो, आणि रक्त घेणारा रुग्ण आधीच खचलेला असतो. कृपा करून दुसऱ्या रक्तपेढीत जाऊन ही गोष्ट लपवू नका. आपण तसे करणार नाही, पण हे वाचणारे इतरही आहेत.

जानेवारीच्या पिशवीविषयी: लागण झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे चाचणीत काहीच दिसत नाही, त्यामुळे आपली शंका अगदीच अनाठायी नाही. पिशवीच्या क्रमांकावरून ती कोणाला चढवली हे शोधता येते. जानेवारीची तारीख रक्तपेढीच्या डॉक्टरांना स्वतः सांगा.

दुधनाकाठ (परभणी)

माझ्या यजमानांना चार वर्षांपूर्वी असेच सांगण्यात आले होते. आमच्या भागात कावीळ म्हटले की कोणीतरी गावठी औषध देणाऱ्याचे किंवा कावीळ उतरवणाऱ्याचे नाव सुचवतेच. आमच्या सासूबाईंनीही सुचवले आणि त्यात दीड महिना गेला. भाऊ, आपण तो वेळ घालवू नका. राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला असून त्यात तपासणी आणि उपचार मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

ताट, पेला, अंथरूण वेगळे करू नका, त्याने काहीही साधत नाही. दाढीचे पाते, दात घासण्याचा ब्रश आणि नखे कापण्याचे साधन तेवढे वेगळे ठेवा. वहिनींची आणि मुलांची तपासणी करून त्यांना लस द्या. पहिली मात्रा, एका महिन्याने दुसरी आणि सहाव्या महिन्यात तिसरी.

लोकांना "डॉक्टरांनी थांबवले आहे" एवढे सांगितले तरी पुरते. मधुमेहासाठी इन्सुलिन सुरू झाले तरी रक्तदान बंद होते, त्यामुळे आपल्या वयाच्या माणसाकडे कोणी संशयाने पाहत नाही. शिबिर मात्र सोडू नका, आणि जमल्यास ते एप्रिल-मे महिन्यांत घ्या. महाविद्यालयांना सुट्ट्या लागल्या की रक्त मिळेनासे होते आणि थॅलेसेमियाच्या मुलांना तर दर दोन ते चार आठवड्यांनी पिशवी लागतेच.

मांजराकाठचा (लातूर जिल्हा)

दोघांचा आभारी आहे. लस मी घेतलेली नव्हती. आयजीएम पॉझिटिव्ह आले, म्हणजे लागण अलीकडची असावी. कशी झाली ते समजत नाही, उन्हाळ्यात एक दाढ काढली होती, पण खात्रीने काही म्हणता येत नाही. पत्नी आणि दोन्ही मुले निगेटिव्ह आहेत व त्यांना लसीची पहिली मात्रा दिली आहे. माझी पुढची तपासणी मार्चमध्ये आहे.

जानेवारीच्या पिशवीतून तांबड्या पेशी एका रुग्णाला आणि प्लाझ्मा दुसऱ्याला गेला होता. डॉक्टरांच्या मते धोका फारच कमी आहे, तरी त्या दोघांनाही तपासणीसाठी बोलावले आहे. त्यांची नावे मला सांगणार नाहीत आणि ते योग्यच आहे. दोघेही निगेटिव्ह निघाले तर नाव न घेता तेवढे मला कळवा, अशी विनंती करून आलो आहे. अजून फोन आलेला नाही.