मदत हवी आहे: तीन वर्षं पुण्याला जाताना लंडनमधल्या वाईन कुठे ठेवाव्यात?

नमस्कार मंडळी,

यूकेत राहणाऱ्या आणि वाईन जमवणाऱ्यांचा सल्ला हवा आहे. येत्या ऑक्टोबरात आम्ही तीन वर्षांसाठी पुण्याला जातोय. दक्षिण लंडनमधलं घर भाड्याने देणार. बाकी सामानाची सोय लागली, वाईनचं मात्र अजून ठरत नाही. घरी साधारण वीस डझन बाटल्या आहेत. जवळपास तेवढ्याच एका वाईन मर्चंटकडून घेऊन बॉन्डमध्ये, म्हणजे ड्युटी-व्हॅट न भरता सरकारमान्य गोदामात, ठेवलेल्या आहेत.

संग्रह लिलावात गाजेल असा नाही, पण आमचा जीव त्यात आहे. २०१०चे बरोलो, २०१६चे बोर्डो (त्यातले बरेचसे आँ प्रिमर घेतलेले, वाईन पिंपात असतानाच पैसे भरून), मोझेलच्या रीसलिंग, ऱ्होनच्या काही पेट्या. मुलगी २०११ची. त्या वर्षी पोर्ट (पोर्तुगालची गोड, कडक वाईन) बनवणाऱ्या बहुतेक मोठ्या घरांनी व्हिंटेज जाहीर केली, म्हणजे खास त्या एका वर्षाची पोर्ट काढली, म्हणून तिच्यासाठी दोन लाकडी पेट्या घेतल्या. ती २१ची झाल्यावर, २०३२मध्ये, उघडायच्या आहेत. शिवाय अकलूजच्या फ्रातेल्लीच्या ‘सेत्ते’च्या काही बाटल्या आहेत, सुट्टीवरून येताना सामानातून आणलेल्या. सांजोव्हेजे आणि काबर्ने सोव्हिन्यों यांचं हे मिश्रण बाटलीत कसं मुरतं ते मला बघायचंय, त्यामुळे त्यांचीही तेवढीच काळजी घ्यायची आहे.

‘पुण्यालाच घेऊन जा की’ असं ओळखीतल्या काहींनी सुचवलं. भारतात जाताना माणशी दोन लिटर मद्य सामानातून विनाशुल्क नेता येतं, म्हणजे जेमतेम अडीच बाटल्या. त्यापुढच्या वाईनवर जबर सीमाशुल्क. आणि ते भरलं तरी एप्रिल-मेमध्ये तिथे चाळिशीला टेकणारा पारा आणि अधूनमधून जाणारी वीज. पुण्यात वाईनचा छोटा फ्रिज घेऊ, रोजच्या पिण्यापुरता. पंधरा-वीस वर्षं ठेवायच्या वाईनना ती जागा नव्हे.

लंडनच्या घरातच, भाडेकरूंच्या भरवशावर, ठेवायच्या हाही पर्याय मी सोडून दिलाय. १९ जुलै २०२२ला हीथ्रोला पारा ४०च्या वर गेला होता. आमचं घर वरच्या मजल्यावर, तळघर नाही. वाईनला १२ ते १४ अंश आणि ६०-७५ टक्के आर्द्रता लागते हे बहुतेकांना माहीत असतं, पण माझ्या मते आकड्यापेक्षा स्थिरता महत्त्वाची. कायम १५ अंशांवर राहिलेली बाटली जरा लवकर पिकेल, बिघडणार नाही. उलट तापमान सारखं वर-खाली झालं की आतली वाईन फुगते, आकसते, बुचावर ताण येतो आणि कडेने हवा आत शिरते. म्हणून सेल्फ स्टोरेजही नको वाटतं. तिथली ‘क्लायमेट कंट्रोल्ड’ खोली म्हणजे बऱ्याचदा फर्निचरला बुरशी लागणार नाही एवढीच हमी.

मग उरतात दोन मार्ग. पहिला, जिथून वाईन घेतली त्याच दुकानाच्या साठवणीत ठेवायची. स्टीव्हनेजच्या वाईन सोसायटीची (१८७४पासूनची सहकारी संस्था) सभासदांसाठी अशी सोय आहे, बेरी ब्रदर्सचं गोदाम बेझिंगस्टोकला आहे. व्यवस्था चोख, पण मुख्यतः त्यांच्याकडून घेतलेल्या वाईनसाठी. घरातल्या इकडून-तिकडून जमवलेल्या बाटल्यांचं काय?

दुसरा मार्ग, वाईन साठवणं हाच ज्यांचा धंदा आहे त्यांच्याकडे स्वतःच्या नावाचं खातं उघडायचं. बर्टन-ऑन-ट्रेंटला लंडन सिटी बॉन्डचं ‘व्हिनोतेक’ आहे आणि विल्टशरमध्ये कॉर्शमला ऑक्टेव्हियन. ऑक्टेव्हियनने मला मोहात पाडलंय. बाथ स्टोन (बांधकामाचा चुनखडी दगड) काढून झालेली ही जुनी खाण, दुसऱ्या महायुद्धात लष्कराचं दारूगोळ्याचं कोठार होती. जमिनीखाली सुमारे १०० फूट. एवढ्या खोलीवर उन्हाळा-हिवाळा पोचत नाही, खडकच तापमान धरून ठेवतो. एखादं यंत्र बंद पडलं म्हणून रातोरात काही बिघडायचं नाही. अंधार आणि स्थिरता तिथे आयतीच आहे. एक शंका आहे. खाणीतल्या ओलाव्याने लेबलांवर डाग पडतात का? लाकडी पेट्यांचं काय होतं? कुणाच्या बाटल्या दहाएक वर्षांनी तिथून बाहेर आल्या असतील तर कृपया सांगा.

आता ज्या गोष्टीने खरी झोप उडवली आहे ती. पेटी नेमकी कुणाच्या नावावर असते?

कॅलिफोर्नियातल्या व्हलेहोची घटना काहींना आठवत असेल. १२ ऑक्टोबर २००५ला तिथलं वाईनचं प्रचंड गोदाम पेटलं, सुमारे ४५ लाख बाटल्या गेल्या. आग लावणारा मार्क अँडरसन हा त्याच गोदामात जागा घेऊन लोकांच्या वाईन सांभाळण्याचा व्यवसाय करत होता. गिऱ्हाइकांच्या बाटल्या तो परस्पर विकत होता आणि ते उघडकीला आलं होतं. २०१२मध्ये त्याला २७ वर्षांची शिक्षा झाली. ज्यांच्या बाटल्या आधीच विकल्या गेल्या होत्या त्यांचं नुकसान आगीच्या कितीतरी आधीच झालेलं होतं, बाटल्या फक्त वहीत उरल्या होत्या. त्याच २०१२च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला सँडी वादळात चेल्सीतल्या एका वाईन गोदामात पाणी शिरलं. पुढे ती कंपनी दिवाळखोरीत गेली आणि आपल्या बाटल्या ताब्यात मिळवायला गिऱ्हाइकांना खूप झगडावं लागलं.

इथे, ब्रिटनमध्ये, बरेचसे मर्चंट स्वतःचं गोदाम ठेवत नाहीत. ते वरच्यासारख्या मोठ्या गोदामात स्वतःच्या खात्यावर गिऱ्हाइकांच्या पेट्या ठेवतात. माझ्या पोर्टच्या पेट्या अशाच आहेत. मर्चंटच्या यादीत माझं नाव आहे, पण गोदामाच्या नोंदीत आहे का? प्रत्येक पेटीला स्वतंत्र क्रमांक असून तो माझ्या नावाशी जोडलेला असेल, तर मर्चंट बुडाला तरी पेटी माझी हे दाखवता येतं. ‘अमुक वाईनच्या चाळीस पेट्या, त्यातल्या दोन हिच्या’ असा ढोबळ हिशेब असेल तर अवघड. त्यात गोदामवाल्यांच्या अटींत धारणाधिकाराचं कलम सर्रास असतं, म्हणजे भाडं थकलं तर माल अडवून ठेवता येतो. मी माझं भाडं मर्चंटकडे वेळेवर भरलं आणि त्याने पुढे गोदामाला दिलं नाही, तर माझ्या पेट्या अडकू शकतात का? ज्यांनी मर्चंटच्या खात्यातून स्वतःच्या खात्यावर पेट्या बॉन्डमध्येच वळवून घेतल्या आहेत, त्यांनी पद्धत आणि खर्च सांगितला तर फार मदत होईल. एकदा बॉन्डमधून बाहेर काढून ड्युटी भरली की वाईन परत आत जात नाही, म्हणून ही हलवाहलव कागदोपत्री बिनचूक व्हायला हवी.

ड्युटीचंही बोलते. १ फेब्रुवारी २०२५पासून वाईनची ड्युटी सरळ अल्कोहोलच्या प्रमाणात झाली. त्या दिवशीच्या दराने १३ टक्क्यांच्या बाटलीवर सुमारे २.८८ पौंड आणि १४.५ टक्क्यांच्या बाटलीवर ३.२१ पौंड, वर २० टक्के व्हॅट. बॉन्डमधली वाईन ज्या दिवशी काढाल त्या दिवशीचा दर लागतो. तरीही बोर्डो आणि पोर्ट बॉन्डमध्येच राहू द्यायचा माझा विचार आहे. पुढे कधी विकायची वेळ आलीच, तर सुरुवातीपासून बॉन्डमध्ये राहिलेल्या पेटीवर घेणाऱ्याचा विश्वास जास्त बसतो. घरातल्या बाटल्या अर्थातच ड्युटी भरलेल्या विभागात जातील, ‘सेत्ते’सकट.

भाड्याचं म्हणाल तर डझनाच्या पेटीला वर्षाला दहा ते वीस पौंडांच्या आसपास. त्याने घाबरत नाही. आत घेण्याचे, बाहेर काढण्याचे आणि पोचवण्याचे वेगळे पैसे मात्र नीट विचारायला हवेत. सहाची पेटी डझनाच्या दरात धरतात का? सरमिसळ पेटीतल्या बारा वेगवेगळ्या बाटल्यांची नोंद करून घेतात का, की ‘मिश्र पेटी’ एवढंच लिहून मोकळे? मला प्रत्येक बाटलीचा फोटो, बुचाखालची वाईनची पातळी आणि लेबलची स्थिती आत जातानाच नोंदलेली हवी आहे. त्याशिवाय पुढे विम्याचा दावा कशावर करणार? विमा खरेदीच्या किमतीचा की आजच्या बाजारभावाचा, हेही पाहायचंय. आपण पंधरा वर्षांपूर्वी दिलेल्या पैशांत आज तीच बाटली मिळत नाही.

रेडिंगला धाकटा दीर राहतो. त्याला खात्यावर अधिकार द्यायचाय, म्हणजे आम्ही नसताना तो पेटी काढून घेऊ शकेल आणि आमचं काही बरंवाईट झालं तर मुलीसाठी सगळं सांभाळेल. गोदामवाले असं अधिकारपत्र साध्या अर्जावर घेतात की वकिलाकडून करून आणायला सांगतात?

थोडी भर: प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. ‘निम्म्या विकून टाका’ या सूचनेवर आम्ही बोललो. जवळपास पिण्याजोग्या झालेल्या बाटल्या निघण्याआधी मित्रमंडळींबरोबर उघडू, विकणार मात्र नाही. वाहतुकीचा मुद्दा ज्यांनी काढला त्यांचं अगदी पटलं. जुलै-ऑगस्टमध्ये काही हलवायचं नाही. सप्टेंबरच्या अखेरीस, तापमान राखणाऱ्या गाडीतूनच पाठवू. कुणीतरी विचारलंय की एवढं करण्यापेक्षा दिराच्या गॅरेजमध्ये का नाही. तो आनंदाने ठेवेल, पण गॅरेजही उन्हाळ्यात तापतं आणि थंडीत गोठतं. शिवाय एवढी जबाबदारी त्याच्या गळ्यात मला टाकायची नाही.

पेटी-क्रमांकाच्या प्रश्नावर मर्चंटला ईमेल केलीय, गोदामाने दिलेला क्रमांक आणि माझ्या नावाची नोंद दोन्ही लेखी मागितली आहेत. उत्तर आलं की इथेच लिहीन. तोवर बर्टन किंवा कॉर्शम यांपैकी कुठेही थेट स्वतःचं खातं असलेल्यांनी, विशेषतः परदेशात राहून ते चालवणाऱ्यांनी, जरूर लिहा. लहान संग्रहवाल्यांना ते सरळ घेतात का, आणि किमान किती पेट्या लागतात?