प्युपिल प्रीमियमचा पैसा शाळेने नेमका कशावर खर्च करावा?

प्रश्न (नव्या पालक-गव्हर्नर)

नमस्कार. इंग्लंडमधील एका सरकारी प्राथमिक शाळेत मी अलीकडेच पालकांच्या वतीने गव्हर्नर (शाळेच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाची सदस्य) म्हणून निवडून आले असून, प्युपिल प्रीमियमच्या, म्हणजे गरजू मुलांच्या प्रगतीसाठी शाळेला मिळणाऱ्या जादा सरकारी निधीच्या, खर्चावर लक्ष ठेवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. शाळेतील साठ मुले या निधीस पात्र आहेत. २०२४-२५ मध्ये प्राथमिकच्या प्रत्येक पात्र मुलामागे १,४८० पौंड हा दर होता, त्या हिशेबाने वर्षाची रक्कम ८८,८०० पौंड होते. शाळेच्या संकेतस्थळावरील निवेदनात निम्म्याहून अधिक रक्कम टीचिंग असिस्टंटच्या (वर्गात शिक्षकाला मदत करणाऱ्यांच्या) पगारावर, काही भाग शिक्षकांच्या प्रशिक्षणावर आणि उरलेली ब्रेकफास्ट क्लब (शाळेपूर्वीची न्याहारी), सहली व वाद्यशिक्षण यांवर दाखवली आहे.

माझ्या दोन शंका आहेत. ज्या मुलांमुळे हा पैसा येतो, त्यांच्यावरच तो खर्च व्हायला नको का? प्रशिक्षणाचा लाभ तर साऱ्या वर्गाला मिळतो. आणि या खर्चाचा उपयोग झाला की नाही, हे समजण्यासाठी सभेत काय विचारावे? मुख्याध्यापिका अनुभवी आहेत आणि त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु केवळ मान डोलावून कागद मंजूर करणे मला पटत नाही.

उत्तर १ (प्राथमिक शिक्षिका)

पहिल्या शंकेचे उत्तर नियमांतच आहे. २०११ मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हापासून हा निधी शाळेला मिळतो. ते मुलाच्या नावाचे खाते नव्हे. गेल्या सहा वर्षांत कधीही घरच्या कमी उत्पन्नामुळे मोफत जेवणासाठी नोंद झालेली मुले मोजली जातात, ती रक्कम ठरवण्यासाठी. खर्च करताना मात्र शाळेने गरज पाहायची असते. त्यामुळे यादीत नाव नसलेल्या, पण घरच्या आजारी माणसाची काळजी घेणाऱ्या किंवा सोशल वर्करच्या देखरेखीखाली असलेल्या मुलावरही हा पैसा खर्च करता येतो.

शाळांना मार्गदर्शन करणारी एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशन ही संस्था खर्चाचे तीन भाग सुचवते: वर्गातील अध्यापन, निवडक मुलांना जादा शैक्षणिक मदत, आणि हजेरी, वर्तन, मनःस्वास्थ्य यांसारख्या बाबी. यांत अध्यापनाला अग्रक्रम आहे आणि तो मला योग्य वाटतो, कारण मूल दिवसाचा बहुतेक वेळ वर्गशिक्षकासमोर असते आणि तिथे जे निसटते, ते वर्गाबाहेरच्या वीस मिनिटांच्या गटात भरून निघत नाही. फोनिक्स (अक्षरांच्या ध्वनींवरून वाचन) नीट शिकवणारा शिक्षक साऱ्या वर्गाच्या उपयोगाचा असतो हे खरे. पण ज्या मुलाला घरी वाचून दाखवणारे कोणी नाही, त्याला त्याची गरज सर्वांत अधिक असते.

टीचिंग असिस्टंटवरील खर्चाची चौकशी मात्र अवश्य करा. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात असे आढळले की, ज्या मुलांना असिस्टंटची मदत जास्त मिळाली, त्यांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी झाली. यात असिस्टंटचा दोष नव्हता. त्यांना तयारीला वेळ मिळत नसे, मूल शिक्षकापासून दूर जाई, आणि समजण्यापेक्षा हातातले काम पुरे करण्यावर भर राही. याउलट, प्रशिक्षण घेतलेल्या असिस्टंटने ठरावीक कार्यक्रम थोड्या वेळाच्या, नियमित सत्रांत राबवला तर चांगला लाभ होतो. म्हणून किती असिस्टंट आहेत यापेक्षा सकाळच्या गणिताच्या तासाला ते नेमके काय करतात, हे विचारावे.

उत्तर २ (माजी गव्हर्नर)

वरील बहुतेक मुद्दे मला मान्य आहेत, परंतु हजेरी, वर्तन वगैरेंच्या तिसऱ्या भागाला शेवटचे स्थान मिळाले की तो उरल्यासुरल्या पैशांचा होतो, असा माझा अनुभव आहे. जे मूल आठवड्यातून एक दिवस येतच नाही, त्याच्या वाट्याला उत्तम अध्यापन तरी कसे येणार? ब्रेकफास्ट क्लबमुळे पोट भरते, पण त्याहून मोठा लाभ असा की मूल तास सुरू होण्यापूर्वी शाळेत पोहोचते. म्हणून त्या क्लबला येणाऱ्या मुलांच्या हजेरीत फरक पडला का, आणि ज्यांना त्याची सर्वाधिक गरज आहे तीच मुले येतात का, हे पाहावे. पुष्कळदा नोकरदार पालकांची मुले जागा भरतात आणि हवी ती मुले घरीच राहतात.

सहलींबाबत एक सूचना आहे. सवलत हवी असेल तर कार्यालयात येऊन सांगा, असे पत्रक काढू नये. ज्याला मागावे लागते तो मागतच नाही आणि मुलाला त्या दिवशी ‘बरे नसते’.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. सभेत बहुधा इयर सिक्सच्या (प्राथमिकच्या शेवटच्या वर्षाच्या) निकालांचा तक्ताच ठेवला जातो. त्यावरून काही ठरवता येईल का?

उत्तर ३ (शाळेच्या कार्यालयात काम करणारे)

ताई, त्या तक्त्यावर फार विसंबू नका. साठ मुले सात वर्गांत विभागली, तर इयर सिक्समध्ये आठ-नऊच येतात. एका मुलाच्या गुणांनी टक्केवारी अकरा-बाराने हलते. त्याऐवजी तीच मुले तीन-चार वर्षांत कुठून कुठे आली, ते नावे न घेता दाखवण्यास सांगा. शाळेला दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत निवेदन प्रसिद्ध करावे लागते आणि त्यात मागील वर्षाचा आढावा असतो. लाभ दिसला नाही म्हणून कोणता उपक्रम बंद केला, असे विचारा. काहीच बंद झालेले नसेल, तर आढावा केवळ कागदावर झाला असे समजावे.

आता एक गोष्ट, जिच्याकडे गव्हर्नरांचे सहसा लक्ष जात नाही. सप्टेंबर २०१४ पासून रिसेप्शन, इयर वन व इयर टूच्या (प्राथमिकच्या पहिल्या तीन वर्गांच्या) साऱ्याच मुलांना जेवण मोफत आहे. साहजिकच पालक वेगळा अर्ज करत नाहीत, मुलाची नोंद होत नाही आणि शाळेला त्या मुलामागे मिळू शकणारा प्रीमियम हातचा जातो. युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणारा सरकारी भत्ता) घेणाऱ्या कुटुंबाची करोत्तर कमाई वर्षाला ७,४०० पौंडांपेक्षा अधिक नसावी, अशी प्रीमियमसाठी अट आहे. अनेक पालकांना ती ठाऊक नसते, आणि आपल्याकडच्या काहींना तर अर्ज करणेच कमीपणाचे वाटते. सप्टेंबर २०२६ पासून युनिव्हर्सल क्रेडिटवरील सर्वच कुटुंबांतील मुलांना जेवण देण्याचे सरकारने जाहीर केले आहे, परंतु प्रीमियमसाठी जुनीच मर्यादा राहणार असल्याने नोंदणी नीट होणे अधिकच महत्त्वाचे ठरेल. आमच्याकडे प्रवेशाच्या कागदांतच हा अर्ज सर्व पालकांकडून भरून घेतला जातो, कोण पात्र आणि कोण नाही याची चर्चा न करता. तुमच्या शाळेत तशी पद्धत आहे का, हे प्रथम कार्यालयात विचारून घ्यावे.