भरिताच्या पार्टीतलं राजकारण
‘विरुद्ध पक्षवाल्यांशी बोलून उपयोग नाही, ते सगळे सारखेच’ असं इथे एका भाऊंनी लिहिलंय. मीही हेच म्हणायचो. गेल्या हिवाळ्यात जळगाव जिल्ह्यातल्या यावलकडे मळ्यात भरिताची पार्टी होती. पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या) जाळावर वांगी भाजता भाजता मेव्हण्याशी जुंपली. ‘तुम्ही लोक...’ असं मी सुरू केलं. तो वांगं सोलत म्हणाला, ‘दाजी, कापूस मीबी विकतो ना?’ मग तासभर तो बोलला, मी ऐकलं. त्याच्या पक्षाला मत देणार नाहीच, पण वजनकाट्यातल्या लबाडीबद्दल त्याचं खरं होतं. १९३६ साली इथल्याच फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं. अध्यक्ष नेहरू समाजवादाकडे झुकलेले, गांधींचा भर खादी-ग्रामोद्योगावर; मांडव मात्र एकच. (आमची कळण्याची भाकरी तेवढी करपली, भांडणात.)