सही करण्याआधी शेरा लिहा

ताई, तुमचे फौजी यजमान बदलीच्या नव्या ठाण्यावर आधीच रुजू झालेत, सामान उतरवताना कपाट फुटलेलं निघालं, दोन खोकी कमी आहेत आणि ट्रकवाला सहीसाठी घाई करतोय. आमच्या चार बदल्यांत हे सगळं झालंय. त्याला घाई असणारच, तुम्हाला नसावी.

पोचपावतीवर 'सामान सुस्थितीत मिळाले' असं छापलेलं असेल तर त्याखाली कोरी सही करू नका. यादीतल्या कोणत्या क्रमांकाची खोकी आली नाहीत, कपाटाचं काय मोडलं, हे तिथेच हाताने लिहा, त्याचीही सही घ्या आणि पावतीचा फोटो काढा. तोंडी 'बघतो मॅडम' याला काडीची किंमत नसते. मोडकी वस्तू आणि तिचं पॅकिंग पाहणी होईपर्यंत टाकू नका. मी एकदा साफसफाईच्या भरात फुटकी काच फेकली आणि भरपाईचा दावा तिथेच बारगळला. बंद खोक्यातली मोडतोड नंतरही कळते, पण कळवायची मुदत ठरलेली असते. करारात ती आजच बघा आणि तक्रार लेखीच द्या.

दावा यजमानांच्या नावावर असेल तर त्यांच्याकडून तुमच्या नावाचं अधिकारपत्र लगेच मागवा. नाहीतर प्रत्येक कागद त्यांच्या सहीसाठी अडेल, आणि ते सरावाला गेले की फोनही लागत नाही! युनिटमध्ये वाहतुकीचं काम पाहणाऱ्यांनाही तक्रारीची प्रत द्या.

हरवलेल्या खोक्यांत मुलांचे शाळेचे दाखले नाहीत ना?